ज्या घरी पाणी लागलं नाही

नायगावच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली होती आणि मी खिडकीची जागा धरून बसले होते. अकरावीला लातूरला चालले होते. तालुक्यातली आणखी तीन मुलं सोबत होती, त्यांना सोडायला आलेले वडील इस्त्रीच्या कपड्यांतले. गाडी सुटायला दोन मिनिटं राहिली तेव्हा माझे वडील, बापू, धावत आले. सकाळी कुणाच्या तरी रानात पाणी पाहायला गेले होते, तिथूनच थेट. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना काळी माती चिकटलेली, काखेत शेंडीचा नारळ. हातातली बाटली त्यांनी खिडकीतून आत दिली. "हापशाचं हाय," म्हणाले. "तिकडलं पानी पचंपर्यंत हे पी." शेजारच्या मुलीनं विचारलं, कोण गं? मी म्हणाले, "आमच्या गावातले आहेत एक." गाडी निघाली. बापूंनी ते ऐकलं की नाही, मला अजून माहीत नाही. खिडकी उघडी होती आणि त्यांचे कान चांगले होते.

अहमदपूरच्या स्टँडवर मी ती बाटली ओतून दिली आणि कूलरचं गार पाणी भरून घेतलं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं सांगायचंय ते याहून वाईट आहे. गावात राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला त्यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून नाही. आणि माझ्यासारखं पुण्याला, हैद्राबादला, साता समुद्रापार गेलेल्यांनो, तुम्हीही वाचा. आपण म्हणतो, गाव मागं टाकून आलो. टाकत कुठं? सोबत आणतो आणि इथं विकतो. कुणी गावाकडची भाकरी विकतं, कुणी दुष्काळ विकतं. मी बाप विकला, आणि भाव चांगला आला.

बापू, गावाचे मारोती, पाणाड्या होते. बोअर घ्यायच्या आधी शेतात कुठं पाणी लागेल ते सांगणारा माणूस. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, रानातून सावकाश चालायचं, आणि जिथं नारळ उभा राहील तिथं टाचेनं खूण करायची. आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव ओढ्यात सोडले ते सोडलेच, त्यामुळे घरात नारळ यायचं दुसरं काही कारण नव्हतं. बापूंनी कधी नारळ फोडला नाही, त्याला हळद लावली नाही, कुणाला हात जोडले नाहीत. "ह्ये देवाचं न्हाई, हाताचं हाय," म्हणायचे. माय चिडायची. विहारात वंदनेला बसलेल्या बायका तिला चिमटे काढायच्या, काय गं, तुझा नवरा अजून नारळच फिरवतोय का. माय घरी येऊन तेच चिमटे बापूंना काढायची. ते हसायचे. "लोकाला खड्डा तर घ्यायचाच असतो," एवढंच म्हणायचे. "जागा कोनीतरी सांगावं लागती."

सुट्टीत मी त्यांच्यामागं हिंडायचे. मला नारळात रस नव्हता, मला माणसं पाहायला आवडायची. आणि एक गोष्ट मी फार लवकर पाहिली. काही घरी बापू तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचे आणि काही घरी, भर उन्हात, ओठांना पापुद्रे आलेले असताना, नुसते बसून राहायचे. गोविंदराव नावाचे मोठे जमीनदार होते, त्यांच्या ओसरीवर तर मी कितीदा ते पाहिलं. वैरणीच्या, पिकाच्या गप्पा व्हायच्या, भाकरी व्हायची, पण बापूंपुढं पाणी दिसायचं नाही. मी अकरा-बारा वर्षांची असेन. विहाराच्या कपाटातली सगळी पुस्तकं वाचून झालेली. माझ्या आजीनं गावच्या विहिरीवर घागर खाली ठेवून, कुणीतरी वरून ओतेल म्हणून तासन् तास वाट पाहिलेली, हे तिनंच मला सांगितलेलं. काही घरी आमच्यासाठी वळचणीला वेगळा ग्लास अडकवलेला मी स्वतः पाहिलेला. मग मला काय कळायचं राहिलं? ज्यांना हा माणूस पाणी दाखवतो, ते त्याला पाणी देत नाहीत. मी कुणाला काही विचारलं नाही. कळलेलं असताना विचारायचं कशाला?

लातूरनं मला एक शब्द दिला: सिद्ध कर. क्लासमध्ये सकाळी सहाला सर खडू आपटून तेच म्हणायचे आणि मला ते ऐकून नशा चढायची. खोलीवर नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, बादलीसाठी मुली एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, आणि मी कोपऱ्यात बसून सिद्ध करत असायचे. घरच्यांना वाटलं मी डॉक्टर होणार. मी झाले विज्ञानाची तत्त्वज्ञ. माय विचारायची, ते काय असतं? मी सांगायचे, लोकांना जे कळलंय असं वाटतं, ते त्यांना कशावरून कळलं, हे विचारायचं. माय म्हणाली, "म्हंजी वकिलावानी?" मी म्हणाले, हो, पण फक्त उलटतपासणी. "मग तुला जमंल," ती म्हणाली. कौतुक होतं की टोमणा, मायच्या बाबतीत हे कधी सांगता येत नाही.

शिष्यवृत्ती मिळाली आणि मी नेदरलँड्सला आले. इथं जमीन समुद्राच्या खाली आहे. हातभर खणलं की पाणी. पिढ्यान् पिढ्या ही माणसं पंप लावून ते बाहेर काढतात, पाणी लागू नये म्हणून त्यांचे इंजिनिअर झिजतात. पहिल्या वर्षी बापूंना फोनवर हे सांगितलं तर त्यांनी किती हात खणावं लागतं ते पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी तिथं माझं काय काम न्हाई." मी हसले. त्यांचं इथं काय काम आहे, ते मला त्याच वेळी सुचलं होतं.

माझा विषय होता पुरावा, आणि माणूस स्वतःला कसा फसवतो. त्यासाठी उदाहरण हवं होतं. इथल्या सहकाऱ्यांकडं जुनीच, पुस्तकात वाचलेली उदाहरणं. माझ्याकडं जिवंत बाप. एका डिसेंबरात गावी गेले, वही घेऊन दारोदार फिरले. ज्यांच्या बोअरला पाणी होतं त्यांनी चहा पाजून गोष्टी सांगितल्या. ज्यांच्या बोअरमधून धुरळा उडाला त्यांनी विषय बदलला. शेवटी मी बापूंनाच विचारलं, किती वेळा चुकलं तुमचं? ते अंगणात नांगराच्या फाळाला दगड घासत होते. म्हणाले, "मोजाया काय लागतंय? घरं हायेत ना ती." मी विचारलं, कुठं लिहून ठेवलंय? ते म्हणाले, "घरं हायेत म्हनलं की." मला वाटलं, म्हातारा टाळतोय. वहीत लिहिलं: अपयशाची नोंद नाही.

त्यावरून लिहिलेल्या शोधनिबंधानं, त्या पेपरनं, माझं नाव झालं. मुद्दा साधा होता. नारळाला पाणी कळत नाही. आमच्याकडं एखाद्या भागात कुठंही खणलं तरी कधी लागतं, कधी लागत नाही. लागलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि न लागलेलं कुणाच्याच नाही, पाणाड्याच्या तर अजिबात नाही. हा माणूस फसवत नाही, तो फक्त आपलं चुकलेलं विसरून जातो, असं मी लिहिलं. आणि सुरुवात केली होती त्या ओसरीनं: ज्यांच्या घरी माझे वडील पाणी शोधून देतात, त्या घरांत त्यांना प्यायला पाणी मिळत नाही. ही ओळ लोकांना फार आवडली. सेमिनारला माझी ओळख करून देताना ती वाचून दाखवायचे. एका बाईंचे डोळे भरून आले होते. मला कायमची नोकरी मिळाली, कालव्याकाठी घर मिळालं. बाप अंधश्रद्ध आणि वरून पीडित, एकाच पानात दोन्ही. याहून काय पाहिजे?

नारळाला पाणी कळत नाही, हे मी आजही म्हणते. तेवढं बरोबर आहे. बाकी सगळं चुकलं.

पेपरचं मराठी भाषांतर एका रविवारच्या पुरवणीत आलं. माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ गावीच असतो, शेती बघतो, विहाराचं वाचनालय चालवतो. त्याला माझा इतका अभिमान की त्यानं ते विहारात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. बापू मागच्या रांगेत बसले होते. त्यात शेवटी मी एक चाचणीही सांगितली होती: दहा खड्डे घ्या, दहा कॅन पुरा, काहींत पाणी भरा, काही रिकामे ठेवा, आणि पाणाड्याला वरून चालू द्या. वाचून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, मग करून बघू की. सिद्धार्थला वाटलं, बापू रागावतील. बापू म्हणाले, "पोरीनं लिव्हलंय ना? मग तिच्याच पद्धतीनं हू द्या."

शाळेच्या मैदानात झालं ते. व्हिडिओ सिद्धार्थनंच पाठवला, खाली लिहिलं होतं: ताई, अगदी तुझ्या पद्धतीनं. मी ट्राममध्ये होते, कानात इअरफोन घालून पाहिला. सत्तरीचा माणूस, धुतलेला सदरा घालून आलेला. हातावर नारळ. भोवती अर्धं गाव, पोरं भिंतीवर चढलेली. पहिल्या जागी नारळ उभा राहिला. "हितं हाय," बापू म्हणाले. उकरलं तर कॅन रिकामा. पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या जागी तेच. तिसऱ्या जागी नारळ आपोआप गडगडून खाली पडला आणि कुणीतरी ओरडलं, "चटणी करा आता!" सगळे खदाखदा हसले. पाण्यानं भरलेल्या एकाही कॅनवर नारळ हलला नाही. बापूंनी नारळ उचलला, सदऱ्याला पुसला आणि कॅमेऱ्याकडं, म्हणजे सिद्धार्थकडं, म्हणजे माझ्याकडं पाहून म्हणाले, "दहातलं एकबी न्हाई. कळव तिला."

मी काय केलं सांगते. मी सिद्धार्थला मेसेज केला: कॅन तूच पुरलेस आणि तूच त्यांच्या बाजूनं चालत होतास, ही पद्धत चुकीची आहे, ज्याला उत्तर माहीत आहे तो जवळ नको. एवढंच लिहिलं. माझा स्टॉप आला, मी उतरले, आणि त्या दिवशी पुराव्यावरच तास घेतला. चांगला झाला.

गावानं बापूंना बोलावणं सोडलं. अंधश्रद्धा गेली म्हणाल तर तसं काही नाही. उदगीरहून एक मशीनवाला यायला लागला. डब्याला दोन दांड्या, वर लाल दिवा. दिवा पेटला की खणायचं. चुकलं की म्हणतो, जमिनीत लोखंड हाय. लोकांना ते पटतं, कारण त्याच्याकडं नारळ नाही, बॅटरी आहे.

बापूंशी फोनवर बोलणं व्हायचं. ते माझ्यावर कधी रागावले नाहीत. "जेवलीस का, थंडी हाय का," एवढंच. मी त्याला समजूतदारपणा म्हणायचे. मे महिन्यात सिद्धार्थचा फोन आला. बापू दुपारी रस्त्यात पडले. ऊन लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. विमान, गाडी, सगळं धरून मी पोचले तेव्हा सावडून झालेलं होतं. जलदान विधीला मात्र होते. पांढरी साडी नेसून भंतेंच्या पुढं बसले आणि सगळ्यांसोबत भांड्यातलं पाणी ताटात ओतलं. ओतताना मला काहीही कळलेलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर गोविंदराव आले. काठी टेकत, नातवाच्या खांद्याला धरून. मांडवात खुर्ची घेऊन माझ्यासमोरच बसले.

"पोरी, तू पेपरात लिव्हलंस ते मी वाचून घेतलं," ते म्हणाले. "आमच्या घरी मारोतीला पानी भेटत नव्हतं मनून."

"मी कुणाचं नाव लिहिलं नव्हतं, काका."

"गावात कोनाला नाव लागतंय?" त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "माझी मंडळी तांब्या घिऊन उंबऱ्यात उभी ऱ्हायची. मारोती हात जोडायचा. मनायचा, मालक, मी सांगितल्या जागी तुमच्या रानात धूळ निघाली. पानी लागत न्हाई तवर ह्या घरचं पानी मला चालत न्हाई. येक दिवस न्हाई, दोन दिवस न्हाई. तुझ्या जन्माच्या आधीपासून. भाकर खायचा आन् तसाच उठून जायचा."

त्यांचं संपलं नव्हतं.

"आन् खरं सांगू का? माझ्या म्हाताऱ्या बापाला बरंच वाटायचं ते. येगळा गलास काढायचं वाचलं मनायचा." ते उठले. "तेवढं लिव्हायचं तर लिव्ह. ते खोटं न्हाई."

ते गेल्यावर मी सिद्धार्थला विचारलं, तुला हे माहीत होतं? तो खुर्च्या एकात एक घालत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "गावात सगळ्यांला माहीत होतं, ताई. तू विचारलंच न्हाई. आमाला वाटलं, तुला तर माहीतच असंल."

मग मायनं घरं सांगितली. न अडखळता, बोटांवर, वेशीपासून ओढ्यापर्यंत. ह्याच्या घरी चुकलं, त्याच्या घरी चुकलं. काही घरी दुसऱ्यांदा दाखवलेल्या जागी पाणी लागलं आणि बापू मुद्दाम चालत जाऊन तिथं तांब्याभर पिऊन आले. काही घरी कधीच लागलं नाही. ज्या घरी वेगळा ग्लास अडकवलेला मी पाहिला होता, तिथं पाणी लागलं होतं, म्हणून बापू तिथं त्या वेगळ्या ग्लासातून पीत होते. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडल्या होत्या आणि दोन्हींचा अर्थ मी उलटा लावला. ज्या माणसाच्या अपयशाची नोंद नाही म्हणून मी नाव कमावलं, त्यानं ती नोंद आपल्या घशात ठेवली होती. मी विचारल्यावर सांगितलीही होती. घरं हायेत ना ती.

"आन् शाळेचं?" माय म्हणाली. मला वाटलं ती थांबली, पण ती फक्त पदर नीट करत होती. "त्या दिवशी मैदानात चुकलं, मनून शाळेचा हापसा सोडला त्येंनी. तरनेपनी त्येंनीच सांगितलेल्या जागी लागलेला हापसा. आपल्या घरी पानी तिथलंच. मग घरचंबी सोडलं. रोज विहाराच्या नळाला जायचे, कळशी घिऊन. मी मनलं, म्या आनते, तर न्हाई. मेमंदी नळ बंद पडला. मग पल्याडच्या वस्तीवर जाया लागले. त्याच रस्त्यात पडले. कळशी रिकामीच होती, जाताना पडले का येताना, ते बी कळलं न्हाई."

ती हे सांगताना रडली नाही. माझ्यावर ओरडली असती तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. तिनं नुसतं सांगितलं, मला माझ्या विद्यार्थ्यांनी माहिती द्यावी तसं. मला तिथंच कळलं की उलटतपासणी मी कुणाकडून घेतली.

नेदरलँड्सला परत आल्यावर मी त्या नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली. संपादकांनी सौजन्यानं उत्तर दिलं की युक्तिवादाला यानं बाधा येत नाही, तेव्हा दुरुस्तीची आवश्यकता नाही. बरोबरच आहे. युक्तिवादाला काहीच झालेलं नाही. सेमिनारला अजून ती पहिली ओळ वाचून दाखवतात. मी उठून सांगते की ती खोटी आहे आणि का खोटी आहे, तर लोकांना तेही आवडतं. म्हणतात, यावरही लिहा.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मांडव उतरला, भाड्याची भांडी गेली आणि घरात आम्ही दोघीच राहिलो. आल्यापासून मी स्टँडवरून विकत घेतलेल्या बाटल्यांचंच पाणी पीत होते, परदेशातून आलेली माणसं पितात तसं. शेवटची बाटली संपली होती. घसा इतका कोरडा की गिळताना टोचत होतं. मायनं माठातून तांब्या भरला आणि माझ्यापुढं ठेवला. हापशाचं पाणी, जरा पिवळसर.

मी हात लावला नाही.

"कामून?" ती म्हणाली. "पचत न्हाई का आता हितलं?"

"तसं नाही, माय. माझं चुकलं. या घरी चुकलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे लेकरा, पी. जगातली कुठलीही आई तेच म्हणाली असती, आणि मी प्यायले असते. माय एवढंच म्हणाली, "हाव. चुकलंच तुझं." तिनं तांब्या उचलला, माझ्यासमोर उभ्यानंच सगळा पिऊन टाकला, आणि पालथा घालून ठेवला. "लागलं तुला पानी कधी," ती म्हणाली, "तर ये. मी काढून दीन."

त्यानंतर दोनदा जाऊन आले. माय भाकरी वाढते, वर लोणी घालते, अंथरूण स्वतः झटकून देते, आणि पाण्याचा पेला ठेवत नाही. मी माझी बाटली पिशवीतून काढून पिते. ती बघते, आणि दुसरा विषय काढते. इथं कालव्याकाठच्या घरात नळ सोडला की हवं तितकं पाणी येतं, मी ते पिते, माझ्या मुलांना देते, त्याचं मला काही वाटत नाही. ते माझं घर असतं तर वाटलं असतं. मागच्या खेपेला निघताना मायनं विचारलं, "वाटेला बाटली देऊ का भरून?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "न्हाई ना. ऱ्हाऊ दे."